खोकला, भीती आणि प्रारब्ध

खोकला सुरू होण्याआधीच घरात त्याची कारणं तयार असतात. हवा बदलली, धूळ गेली, फोडणीचा ठसका बसला, कालचं दही बाधलं. बघता बघता महिना होतो. मेडिकलमधून आणलेल्या सिरपच्या दोन बाटल्या संपतात. मग एका सकाळी बेसिनमध्ये थुंकीत बारीक लाल रेघ दिसते. माणूस नळ सोडतो, रेघ वाहून जाते आणि तो बाहेर येऊन नेहमीसारखा चहा मागतो. घरात कुणाला काही सांगत नाही.

फुफ्फुसाच्या कर्करोगात शरीरही या चालढकलीला साथ देतं. फुफ्फुसाच्या आतल्या भागाला वेदनाच कळत नाही. गाठ छातीच्या अस्तरापर्यंत किंवा बरगडीपर्यंत पोचली, की मग दुखू लागतं. विडी-सिगरेट ओढणाऱ्याचा खोकला तर जुनाच असतो, त्याची जात बदलली हे त्याच्या ध्यानातही येत नाही. आणि चुलीच्या धुरात जन्म काढलेल्या बाईला वाटतं, आपण कधी विडीला हात लावला नाही, मग आपला काय संबंध? त्यात आपल्याकडे क्षयाचे रुग्ण पुष्कळ. एक्स-रेवर डाग दिसला की थुंकीत जंतू सापडले नसतानाही कधी कधी क्षयाची औषधं सुरू होतात आणि मोलाचे महिने निघून जातात. भारतात दरवर्षी सुमारे 80 हजार लोकांना हा रोग होतो असा अंदाज आहे. बहुतेकांचं निदान तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात होतं.

अज्ञान हे याचं एक कारण, पण तेवढ्यावर भागत नाही. पॉल कलानिधी हा अमेरिकेतला मेंदूशल्यविशारद. छत्तिशीत त्याचं वजन झपाट्याने उतरू लागलं, पाठ असह्य दुखू लागली. कर्करोगाची शंका त्याच्या मनात येऊन गेली होती. तरी पाठीचा साधा एक्स-रे ठीक आला, तेव्हा त्या दिलाशावर तो पुन्हा कामाला जुंपला. पुढे 2013 मध्ये निदान झालं ते फुफ्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाचं आणि मार्च 2015 मध्ये तो गेला. रोज इतरांचे स्कॅन वाचणाऱ्यालाही स्वतःच्या शरीराचा पुरावा पुढे ढकलावासा वाटला. तपासणी झाली नाही तोवर रोग नाही, या समजुतीपुढे शिक्षणाचं फारसं चालत नाही.

‘ऊस तुटून जाऊ दे’, ‘पोरीचं लग्न उरकू दे’, ‘वारी करून आलो की बघू’ असं म्हणणाऱ्यांच्या अडचणी मात्र खऱ्या असतात. रोजंदारी बुडते, परळच्या टाटा रुग्णालयाच्या आसपास राहायची सोय लागते, सोबत माणूस लागतो. तिथे कुणी तत्त्वज्ञान सांगू नये.

पण सोय असूनही जे थांबतात, त्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास येतं: नशिबात असेल ते होईल. ते ऐकायला वैराग्यासारखं वाटतं आणि त्याला परंपरेचा आधार आहे असंही गृहीत धरलं जातं. परंपरा मात्र वेगळंच सांगते. चरकसंहितेच्या विमानस्थान या भागात शिष्य अग्निवेश गुरू आत्रेयांना थेट विचारतो, आयुष्य ठरलेलंच असतं का? आत्रेय म्हणतात, दैव आणि पुरुषप्रयत्न दोन्हींवर ते अवलंबून आहे. सगळंच ठरलेलं असतं, तर औषधांची गरज कुणाला पडली असती, आणि उधळलेल्या हत्तीच्या वाटेतून कोण बाजूला झालं असतं? गाडीचा आस चांगला असेल तर आपल्या काळाने झिजतो. बोजा जास्त झाला, रस्ता खराब असला, तर अर्ध्या वाटेत मोडतो. आयुष्याचंही तसंच, असं ते समजावतात.

बुद्धांचं उत्तर आणखी रोखठोक आहे. सुखदुःख सारं पूर्वकर्माचंच फळ, असं म्हणणाऱ्यांविषयी सीवक नावाच्या परिव्राजकाने त्यांना विचारलं. बुद्धांनी दुःखाची आठ कारणं सांगितली: पित्त, कफ, वात, तिन्हींचा एकत्र बिघाड, ऋतुबदल, शरीराची हेळसांड, बाहेरचा आघात आणि कर्मविपाक. कर्म आहे, पण आठातलं एक. सगळं त्याच्याच माथी मारणं चूक, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

मग दैव पुढे का केलं जातं? कारण त्याच्या आड भीती लपवता येते. ती केवळ मरणाची नसते, निवाड्याची असते. 1950 मध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी धूम्रपान आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध ठळकपणे मांडला आणि असंख्य जीव त्यामुळे वाचले. पण कारण सापडलं की लोक दोषी शोधतात. ‘काय सांगायचं, ओढायचे ना खूप!’ हे शेजाऱ्याचं वाक्य कानी पडेल, या धास्तीने ओढणारा डॉक्टरकडे जात नाही. न ओढणाऱ्याला वाटतं, आपल्यावर उगाच संशय घेतील. कर्माचा सिद्धान्त स्वतःचं वागणं तपासण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या अंथरुणापाशी बसून त्याचा हिशेब मांडायला तो वापरला, की तो क्रूर होतो. आणि क्रूरतेपुढे माणसं लक्षणं लपवतात.

या रोगात लपवणं महागात पडतं. अगदी सुरुवातीला सापडलेली गाठ शस्त्रक्रियेने काढता आली, तर निम्म्याहून अधिक रुग्ण पाच वर्षांपुढे जगतात. चौथ्या टप्प्यात नवी औषधं काहींना चांगली लागू पडतात, पण एकूण आशा फार कमी होते.

म्हणून घरात कुणाचा खोकला तीन आठवडे हटला नाही, थुंकीत एकदाही रक्त दिसलं, आवाज बसून राहिला किंवा कारणाशिवाय वजन उतरलं, तर छातीचा एक्स-रे काढून घ्या. क्षयाच्या औषधांनी उतार पडत नसेल, तर सीटी स्कॅनबद्दल डॉक्टरांना आपणहून विचारा. सिगरेट किती ओढत होता, हा प्रश्न डॉक्टरांना उपचारासाठी विचारावाच लागतो. नातेवाइकांनी तो विचारू नये, सोबत जावं.