अनासक्ती आणि औदासीन्य

महानगरपालिकेच्या रुग्णालयातील अपघात विभागात रात्रपाळीवर तैनात असलेली परिचारिका नुकत्याच मरण पावलेल्या माणसाचे डोळे मिटते, हनुवटीखालून पट्टी घेते, पायांचे अंगठे एकत्र बांधून चिठ्ठी अडकवते. आणि पोलिसांसाठीची नोंद पुरी होण्यापूर्वीच तीच ट्रॉली पुसून पुढच्या जखमीसाठी मोकळी करून देणे तिला भाग पडते. अशा रात्रींमागून रात्री गेल्यावर तिच्या मुद्रेवर जी निर्विकारता येते, ती पाहणाऱ्यास स्थितप्रज्ञाची वाटावी इतकी हुबेहूब असते. पाचव्या शतकात बौद्ध भाष्यकार बुद्धघोषाने ‘विसुद्धिमग्गा’त अज्ञानजन्य बेफिकिरीला समचित्ततेचा निकटचा शत्रू म्हटले, ते या साम्यामुळेच.

अशा थकलेल्या परिचारिकेला फलाशा सोडण्याचा उपदेश करण्याची आपल्याकडे वहिवाट आहे, आणि ती मला अन्यायाची वाटते. अँड्र्यू जेमटन या तत्त्वचिंतकाने परिचर्येच्या नीतिशास्त्रावरील आपल्या १९८४ च्या ग्रंथात ज्या नैतिक क्लेशाचे वर्णन केले, त्याचे मूळ फलासक्तीत नाही. उचित काय ते कळत असूनही संस्थेच्या बंधनांपायी ते हातून घडू नये, यात आहे. रोगी दगावला हे दुःख ती सोसते. तो जात असताना त्याचा हात धरायलाही सवड मिळाली नाही, हे मात्र तिला आतून पोखरते. गीतेने फळावरचा हक्क काढून घेतला, पण कर्मावरचा अधिकार अबाधित ठेवला. इथे तर तोच हिरावला जातो, आणि वर फलत्यागाचा हुकूम सुटतो!

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगातील गीताप्रवचनांत विनोबांनी सांगितले की बाह्य कर्माला विकर्माची, म्हणजे चित्ताच्या आतील कर्माची, जोड मिळाली म्हणजे कर्माचा भार उरत नाही. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयातील जोनाथन बार्टेल्स या परिचारकाने, वाचवण्याचे यत्न संपल्यावर सर्वांनी मृताभोवती किंचित काळ स्तब्ध उभे राहण्याचा प्रघात घातला. मला त्यात हेच विकर्म दिसते. परंतु तेवढी स्तब्धता आमच्या रुग्णालयांत यावयाची, तर त्या अवधीत दाराशी आलेले स्ट्रेचर घेण्यास दुसरी परिचारिका हजेरीपटावर असली पाहिजे, आणि तिचे रिक्त पद भरण्याची तजवीज अध्यात्माच्या नव्हे, आस्थापनेच्या दप्तरात व्हावयाची आहे.