धावणारा काय पाहतो?

नोकरी-शिक्षणासाठी युरोपात गेलेली मुले आपल्या कोल्हार-लोणी भागातील घरांना आता नवी नाहीत. सुट्टी मिळाली की ती रोम, पॅरिससारख्या शहरात जातात, दोन दिवस प्रेक्षणीय स्थळे पाहतात आणि रविवारी सकाळी तिथल्याच शर्यतीत धावतात. पदकाचा फोटो मोबाईलवर घरी येतो. वडीलधाऱ्यांना कौतुक वाटते, पण मनात एक प्रश्नही येतो. एवढे पैसे खर्चून धावायचेच होते, तर आपल्या प्रवरेच्या काठी रस्त्याची काय वाण होती? आणि धावता धावता शहर ते काय पाहिले?

प्रश्न थट्टेने विचारला जातो, पण तो थट्टेवारी सोडून देण्यासारखा नाही.

खेळणे, धावणे, प्रवास करणे यात वावगे काही नाही. संत पौल करिंथ शहरात दीड वर्ष राहिला. त्या शहराजवळ दर दोन वर्षांनी मोठे क्रीडासामने भरत. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात त्याने ख्रिस्ती जीवनाला धावपटूचीच उपमा दिली आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २९ ऑक्टोबर २००० रोजी रोमच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये खेळाडूंसाठी मिस्साबली अर्पण केला. व्हॅटिकनचा स्वतःचा धावपटूंचा संघही २०१९ पासून आहे. शर्यत रविवारी असेल, तर शनिवारी सायंकाळच्या मिस्साबलीत भाग घेऊन रविवारचे कर्तव्य पार पाडता येते. तेव्हा धावावे की नाही, हा खरा प्रश्न नाही. धावणाऱ्याच्या डोळ्यांना काय दिसते, हा प्रश्न आहे.

१९६० सालच्या रोम ऑलिंपिकमध्ये इथिओपियाचा अबेबे बिकिला मॅरेथॉन अनवाणी धावला आणि जिंकला. त्या मार्गावर अक्सुमचा प्राचीन दगडी स्तंभ उभा होता. मुसोलिनीच्या राजवटीत, १९३७ साली, तो इथिओपियातून उचलून रोमला आणलेला होता. पर्यटकांच्या दृष्टीने ते एक प्रेक्षणीय स्थळ होते. बिकिलाच्या दृष्टीने ती त्याच्या देशाची हिरावून नेलेली ठेव होती. तो स्तंभ २००५ साली इथिओपियाला परत मिळाला. स्तंभ एकच, पण पाहणाऱ्याच्या मनात कोणाची आठवण आहे, यावर त्याला काय दिसते ते ठरते.

दुसरे उदाहरण आपल्या जवळचे. १९२० साली बेळगावचे फडेप्पा चौगुले बेल्जियममधील अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले. ते अंतर ४२.७५ किलोमीटर होते. सुमारे दोन तास एक्कावन्न मिनिटांत त्यांनी ते पूर्ण केले आणि त्यांचा क्रमांक एकोणिसावा आला. पदक मिळाले नाही. दोराबजी टाटांचा पुढाकार आणि आर्थिक मदत यांमुळे तो संघ युरोपात पोहोचला होता. दुसऱ्याच्या मदतीने गेलेल्या माणसाला आपल्यामागे कोण उभे आहे याचा विसर पडत नाही. स्वतःच्या पगारावर गेलेल्या माणसाला मात्र वाटू शकते की, आपण कोणाचे काही लागत नाही. पण त्या पगारामागे आईबापांचे कष्ट असतात, शिकवणारे गुरुजी असतात, कुणी सिस्टर असतात. पैसा आपला असला, तरी देणे संपत नाही.

दयाळू शोमरोनी माणसाच्या दाखल्यात एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. याजक आणि लेवी यांना जखमी माणूस दिसला नव्हता असे नाही. दोघांनीही त्याला पाहिले होते. पाहूनही ते पुढे गेले. ज्याला कुठे तरी पोहोचायचे असते, त्याच्याजवळ न थांबण्याचे कारण नेहमीच तयार असते. शर्यतीत घड्याळाकडे पाहणे योग्यच आहे. पण शर्यत संपल्यावरही नजर घड्याळावर आणि स्वतःच्याच फोटोवर राहिली, तर मग जग पाहूनही काही पाहिले नाही असेच म्हणावे लागेल.

हा धडा परदेशी गेलेल्यांपुरता नाही. नगर-मनमाड रस्त्याने आपण रोज जातो. हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या येतात, थंडीत कोप्यांतून लहान मुले झोपतात. त्यांच्या बाजूने आपल्या मोटारसायकली भरधाव जातात. सप्टेंबरात मतमाउलीच्या यात्रेसाठी आपले लोक हरेगावला पायी जातात. माउलीच्या चरणी पोहोचण्याची ओढ असतेच, पण वाटेत कोणाचे पाय सुजले, कोणाला पाणी हवे, म्हणून जो थांबतो त्याची यात्रा उशिरा पोहोचूनही अपुरी राहत नाही. चालण्याला ध्येय असावे आणि थांबायला मनही असावे. यात्रेकरू आणि नुसता प्रवासी यांत एवढेच अंतर आहे.

म्हणून मुलांनी जरूर जावे, शहरे पाहावीत, मनसोक्त धावावे. त्यांना खर्चाचा हिशेब विचारून आपण त्यांचा आनंद उणा करू नये. मात्र पुढच्या वेळी फोन आला की, किती वेळात धावलास एवढेच विचारून फोन ठेवू नये. तिथे तुला कोण भेटले, कोणाची विचारपूस केलीस, हेही विचारावे. आणि तोच प्रश्न, आजच्या मिस्साबलीनंतर घरी जाताना, आपण स्वतःलाही विचारावा.