समाधान कशाचे?



बाप्तिस्म्याची तारीख घ्यायला आईबाप येतात तेव्हा आम्ही सहज विचारतो, "बाळंतपण नीट झालं ना?" उत्तर ठरलेले असते, "हो फादर, सगळं छान झालं." मग एखादी आजी हळूच सांगते, रात्रभर पोर एकटीच होती, आम्हांला आत सोडलं नाही, ओरडली म्हणून नर्सबाई रागावल्या. लेक आईला गप्प करते. दोघींपैकी कोणाचे खरे मानायचे?

प्रश्न वाटतो तितका घरगुती नाही. आपल्या देशात २००५-०६ मध्ये शंभरातली ३९ बाळंतपणे दवाखान्यात होत. २०१९-२१ मध्ये ती ८९ झाली. ही मोठी कमाई आहे. आता प्रश्न आहे तिथल्या वागणुकीचा. २०१७ साली केंद्र सरकारने 'लक्ष्य' कार्यक्रम सुरू केला, त्यात ८० टक्के लाभार्थी समाधानी असावेत असेही एक उद्दिष्ट ठेवले. म्हणजे बाईचे "छान झालं" हे आता मोजमाप झाले.

ते कितपत विश्वासाचे? बंगालच्या दुष्काळानंतर, १९४४ साली, कलकत्त्याजवळ सिंगूर येथे विधुरांना आणि विधवांना प्रकृतीविषयी विचारले गेले. विधुरांपैकी ४८.५ टक्क्यांनी तक्रार सांगितली, विधवांपैकी फक्त २.५ टक्क्यांनी. विधवा अधिक सुखात होत्या असे कोण म्हणेल? अमर्त्य सेन यांनी या आकड्यांकडे लक्ष वेधले. सदा वंचित राहिलेला माणूस आपल्या अपेक्षाच आखूड करून घेतो, असे त्यांचे म्हणणे. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आपण मुलींना शिकवतो. अंथरूण एवढे आखूड का, हे मात्र विचारू देत नाही.

बाळंतिणीचेही तसेच. जीव वाचला, बाळ रडले, की झाले. त्या आनंदात चापट विसरली जाते, किंवा विसरावी लागते. कारण पुढच्या खेपेला तिथेच जायचे असते आणि विचारणाराही त्याच वॉर्डातला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने घाना, गिनी आणि नायजेरिया या देशांत २,०१६ स्त्रियांच्या प्रसूतीच्या वेळी निरीक्षक हजर राहिले. २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: ८३८ जणींना मारहाण, शिवीगाळ, हेटाळणी किंवा भेदभाव सोसावा लागला. तरुण, कमी शिकलेल्या मुलींना मारहाण आणि शिवीगाळ जास्त. आणि ती सर्वांत जास्त कधी? जन्माच्या आधीच्या अर्ध्या तासात आणि नंतरच्या पंधरा मिनिटांत.

मग बाईच्या शब्दाला किंमतच नाही, असे कोणी म्हणेल. आम्हांला ते मान्य नाही. आधी तिला हिडीसफिडीस करायचे आणि वर, तुला तुझे समाधानही कळत नाही म्हणायचे, हा दुहेरी अपमान झाला. तिचे समाधान खरे आहे. पण ते बाळाचे आहे. आपण ते दवाखान्याच्या खात्यावर जमा करतो.

वेदना हव्वेपासूनच बाईच्या वाट्याला आल्या, असेही ऐकू येते. पोप पायस बारावे यांनी जानेवारी १९५६ मध्येच डॉक्टरांना सांगितले होते की, प्रसूतिवेदना कमी करण्याला पवित्र शास्त्राची आडकाठी नाही. शिवाय शास्त्रात वेदनेचा उल्लेख आहे, शिव्यांचा नाही. (नर्सबाईंनाही एका रात्री किती जणी सांभाळाव्या लागतात हे आम्ही जाणतो. त्याची वसुली बाळंतिणीकडून होऊ नये, इतकेच.)

म्हणून "समाधानी आहात का?" यापेक्षा काय घडले ते विचारावे. नावाने हाक मारली का? तपासण्याआधी सांगितले का? पडदा होता का? टाके घालताना भूल दिली का? आई, बहीण, कोणी जवळ होते का? बाईच्या पसंतीची सोबत असावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१८ ची शिफारस आहे; 'लक्ष्य'मध्येही सोबतिणीला जागा आहे. अशा प्रश्नांना कृतज्ञता आड येत नाही. ते घरी, सव्वा महिन्यानंतर, ओळखीच्या बाईने विचारावेत. आपल्या धर्मग्रामात नर्सचे काम केलेल्या भगिनी आहेत. त्यांनी मनावर घेतले तर एक वही पुरेल.