उरलेला अर्धा तास



तपासणीच्या अहवालाची वाट पाहिली आहे कधी? घड्याळ रोजचंच असतं, पण काटे जड होतात.

फ्रेंच दिग्दर्शिका आन्येस वार्दा यांनी १९६२ मध्ये या वाट पाहण्यावरच चित्रपट केला. नाव 'क्लेओ द सांक आ सेत', म्हणजे पाच ते सातमधली क्लेओ. क्लेओ पॅरिसमधली देखणी गायिका. आपल्याला कर्करोग आहे का, हे तिला संध्याकाळी कळणार आहे. रूप शाबूत आहे तोवर आपण जिवंत आहोत, अशी ती आरशासमोर मनाची समजूत घालते. सगळे तिच्याकडे पाहतात. ती मात्र कुणाकडेच पाहत नाही.

मग एका क्षणी ती डोक्यावरचा टोप काढून ठेवते, साधा काळा पोशाख घालते आणि एकटीच बाहेर पडते. रस्त्यावरचे चेहरे तिला आता दिसू लागतात. बागेत एक सैनिक भेटतो. रजा संपवून त्याला अल्जीरियाच्या युद्धावर परतायचं असतं. मरणाची धास्ती दोघांनाही आहे. तो तिच्यासोबत बसने रुग्णालयात जातो. आजार खरा ठरतो, डॉक्टर उपचार सांगतात. पण क्लेओची भीती मात्र ओसरलेली असते.

नाव सातपर्यंतचं असलं तरी चित्रपट साडेसहालाच संपतो. उरलेला अर्धा तास क्लेओचा स्वतःचा.

आज कुणी अशी वाट पाहत असेल, तर त्याच्याशेजारी थोडा वेळ बसा. उपदेश नको, सोबत पुरे.