टोकाच्या घराचं पाणी

महाडच्या चवदार तळ्याची गोष्ट आपण सत्याग्रहाची म्हणून वाचतो आणि ती तशीच वाचली पाहिजे. पण ती एका छोट्या गावच्या नगरपालिकेचीही गोष्ट आहे. सार्वजनिक पैशांवर चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात 1923च्या ऑगस्टमध्ये मंजूर झाला. त्याला धरून 1924च्या जानेवारीत महाड नगरपालिकेनं आपलं तळं सर्वांना खुलं केलं. सुरबानाना टिपणीसांसारखी माणसं त्या नगरपालिकेत होती. ठराव झाला, इतिवृत्तात नोंदला गेला आणि पुढची तीन वर्षं ज्यांच्यासाठी तो केला त्यांच्या ओंजळीत त्या तळ्याचं पाणी आलं नाही. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले, तेव्हा ते नगरपालिकेनंच कागदावर मान्य केलेला हक्क बजावत होते. त्याच वर्षी 4 ऑगस्टला नगरपालिकेनं तो ठराव मागे घेतला. प्रकरण कोर्टात गेलं आणि हायकोर्टाचा निकाल यायला 1937 साल उजाडलं.

आजच्या नळाच्या तक्रारी महाडच्या पंक्तीला बसवण्याचा माझा हेतू नाही. माणूसपण नाकारणं आणि पाणी उशिरा येणं यांची बरोबरी होऊच शकत नाही. पण सभागृहातला ठराव आणि घरातलं पाणी यांच्यामध्ये कोण उभं असतं, हा प्रश्न महाडनं विचारला आणि तो आजही प्रत्येक लहान शहराला लागू आहे.

2025च्या डिसेंबरात राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. त्याआधी कित्येक गावांत तीन-तीन, चार-चार वर्षं प्रशासक बसला होता. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्यावी, असं 74व्या घटनादुरुस्तीनं राज्यघटनेतच लिहून ठेवलेलं असताना हे झालं. आता नवे नगरसेवक आले आहेत, त्यांत निम्म्या स्त्रिया आहेत, अनेक जण पहिल्यांदाच सभागृहात बसत आहेत. निवडून आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांचा फोन वाजायला लागतो. नळाला पाणी आलं नाही, गटार तुंबलं, दिवा गेला, घंटागाडी आली नाही, जन्माचा दाखला अडला. आणि फोन उचलणारा तो चांगला नगरसेवक, अशी गावाची समजूत असते.

मला ही समजूत घातक वाटते. फोन उचलू नये असं मी म्हणत नाही. ज्याच्या दारात सांडपाणी आलंय त्याला धोरण ऐकवणं ही क्रूरता आहे. पण फोन कोण करतं, ते बघा. ज्याच्याकडे नंबर आहे, ज्याच्या घरात चार-सहा मतं आहेत, जो प्रचारात फिरला, तो करतो. नगरसेवक व्हॉल्व्हमनला सांगतो आणि त्या गल्लीत अर्धा तास जास्त पाणी सुटतं. तो अर्धा तास कुठून तरी कमी झालेला असतो. टाकीत पाणी तेवढंच असतं. ते कमी होतं वाहिनीच्या टोकाच्या घरांचं. तिथं भाडेकरू राहतात, बाहेरगावाहून कामाला आलेली कुटुंबं राहतात, ज्यांचं नाव मतदारयादीत नाही अशी माणसं राहतात. ती फोन करत नाहीत. सेवा अशा रीतीनं मेहेरबानी बनते आणि मेहेरबानीचा हिशोब कुठल्याच वहीत लागत नाही.

म्हणून मला नगरसेवकाचं काम असं दिसतं: ज्याची ओळखपाळख नाही, अशा टोकाच्या घरालाही फोन न करता पाणी मिळेल, अशी घडी बसवून देणं. जन्म-मृत्यूच्या दाखल्यांबाबत हा विचार कायद्यात आलेलाही आहे. 2015च्या लोकसेवा हक्क अधिनियमानं अशा सेवांना मुदत घालून दिली. मुदतीत दाखला मिळाला नाही तर अपील करता येतं. तिथं नगरसेवकाच्या चिठ्ठीची गरज राहू नये. पाणी, गटार आणि कचरा यांच्या बाबतीत मात्र अजून बराचसा कारभार ओळखीवर चालतो.

पाण्याचं थोडं खोलात जाऊन सांगायला हवं, कारण लहान शहराची परीक्षा तिथंच होते. केंद्रीय निकष सांगतो की भुयारी गटारं असलेल्या शहरात माणशी रोज 135 लिटर पाणी मिळावं. आपल्याकडे अनेक गावांत धरणातून उचललेलं पाणी हिशोबाला त्याच्या जवळपास असतं, तरीही नळ एक दिवसाआड, चार दिवसांआड येतो. मधलं पाणी जुन्या वाहिन्यांतून झिरपतं, चोरट्या जोडण्यांतून जातं, मोटर लावून ओढलं जातं. शिवाय तासाभरासाठी येणारं पाणी माणसं भीतीनं साठवतात आणि नवं आलं की शिळं म्हणून ओतून देतात. पुरवठा बंद असताना रिकामी वाहिनी फुटक्या जागेतून आजूबाजूचं गटाराचं पाणी आत ओढून घेते. पावसाळ्याच्या तोंडाला काविळीची नि जुलाबाची साथ एकाच आळीत का येते, याचं उत्तर बहुतेक वेळा तिथं सापडतं.

कराडशेजारच्या मलकापूरनं हे चक्र उलटं फिरवलं. 2009च्या सुमारास, नगरपंचायत होऊन फार दिवस झालेले नसताना, या लहान गावानं महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या मदतीनं चोवीस तास पाणी सुरू केलं. नवं धरण बांधून हे झालेलं नाही. नव्या वाहिन्या, प्रत्येक जोडणीला मीटर आणि टप्प्याटप्प्यानं वाढणारा दर, यांवर ते झालं. गरजेपुरतं वापरणाऱ्याला पाणी स्वस्त, बाग शिंपणाऱ्याला आणि गाड्या धुणाऱ्याला महाग. वाहिनीत कायम दाब असला की गळती लपत नाही, साठवायची भीती जाते, मोटर लावायचं कारणच उरत नाही आणि टोकाच्या घरालाही पहिल्या घराइतकंच पाणी पोचतं. कुणाला उशिरा सोडायचं नि कुणाला लवकर, हा अधिकारच मुळात संपतो. तो अधिकार सोडायला लोकप्रतिनिधी तयार झाले, हे मला मलकापूरच्या अभियांत्रिकीइतकंच मोठं वाटतं. मीटर बसवणं हे निवडणुकीत महाग पडणारं काम आहे. तरीही तिथं ते झालं आणि लोकांनी स्वीकारलं.

हे बाकीच्या गावांत का होत नाही, याचं एक कारण पैशांच्या रचनेत आहे. 1999मध्ये नगरपरिषदांची जकात गेली आणि तिच्या जागी सरकारचं अनुदान आलं. स्वतःचं म्हणावं असं उत्पन्न मुख्यतः घरपट्टी आणि पाणीपट्टी एवढंच उरलं. घरपट्टीची फेरआकारणी दर चार वर्षांनी व्हायला हवी. नगरसेवक ती पुढे ढकलायला सांगतात, कारण मोठ्या घरांचे मालक सभागृहाच्या जवळचे असतात. मग विकासासाठी नजर मुंबईकडे लागते: नगरोत्थान, वैशिष्ट्यपूर्ण कामं, आमदारांचं पत्र. या निधीतून रस्ता, कमान, हायमास्ट, पेव्हर ब्लॉक, सभामंडप मिळतो, पण व्हॉल्व्हमनचा पगार आणि पंपाची दुरुस्ती त्यातून भागत नाही. 15व्या वित्त आयोगानं लहान शहरांच्या अनुदानातला 60 टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिला आणि घरपट्टीची वसुली वाढवण्याची अट घातली. ही अट अनेक नगरसेवकांना जाच वाटते. मला ती योग्य वाटते, कारण जे गाव स्वतःकडून काहीच वसूल करत नाही, त्याला स्वतःच्या कारभाराचा जाब विचारायचंही बळ राहत नाही.

खर्चावर बोट ठेवायची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. महात्मा जोतीराव फुले 1876 पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सभासद होते. 1880मध्ये व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागताच्या शोभेसाठी एक हजार रुपये खर्चायचा प्रस्ताव आला, तेव्हा जोतीरावांनी एकट्यानं विरोध केला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर लागावा, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे ज्या मंडईच्या बांधकामाच्या खर्चालाही त्यांनी विरोध केला, तिलाच आज त्यांचं नाव आहे. एका सभासदाचं मत हरतं, पण इतिवृत्तात राहतं. लहान गावच्या सभागृहात अंदाजपत्रक एकमतानं, टाळ्या वाजवून मंजूर होतं तेव्हा मला त्या एका विरोधी मताची उणीव जाणवते.

स्वच्छतेच्या बाबतीत आपल्या लहान गावांनी देशात नाव काढलं, हे मोकळ्या मनानं सांगायला हवं. 2020च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाखालच्या शहरांत देशातले पहिले तीन क्रमांक कराड, सासवड आणि लोणावळ्याला मिळाले. पुढच्या वर्षी विटा पहिलं आलं, त्याच्या पुढच्या वर्षी पाचगणी. वेंगुर्ल्यासारख्या छोट्या बंदराच्या गावानं कचरा घरातच अनेक प्रकारांत वेगळा करायची सवय लावली आणि जिथं दुर्गंधी होती ती जागा लोक बघायला येतील अशी केली. अनेकदा असं काम एखाद्या झपाटलेल्या मुख्याधिकाऱ्याच्या जिवावर उभं राहतं. मुख्याधिकारी राज्य संवर्गातला असतो, दोन-तीन वर्षांत बदलून जातो. गावात राहतात ते नगरसेवक आणि सफाई कामगार. काम पुढे टिकवायची जबाबदारी म्हणूनच सभागृहावर येते. नगरसेवकाचा स्वतःचा प्रभागही आरक्षणाच्या सोडतीत पुढच्या वेळी जाऊ शकतो, हे खरं. पण ज्याला आपला प्रभाग कायमचा नाही हे माहीत आहे, त्यानं तर गल्लीच्या पलीकडचं गाव बघायला जास्तच मोकळं असायला हवं.

आणखी एक उणीव मला फार सलते. गावात ग्रामसभा असते. कायद्यानं असते, तिथं कुणीही मतदार उठून सरपंचाला हिशोब विचारू शकतो. 2014नंतर तालुक्याच्या कित्येक गावांच्या ग्रामपंचायती नगरपंचायती झाल्या. दर्जा वाढला आणि ग्रामसभा गेली. राज्यघटनेनं प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या त्या तीन लाख आणि त्याहून मोठ्या शहरांना. शहरांसाठी क्षेत्रसभेचा विचार झाला, पण ती भरलेली फारशी दिसत नाही. म्हणजे पंधरा-वीस हजार वस्तीच्या शहरात माणसानं आपलं म्हणणं मांडायची जागाच राहिली नाही. उरला तो फक्त फोन. अशी जागा पुन्हा उभी करायला सरकारी आदेशाची वाट बघायचं काही कारण नाही. नगरसेवकानं आपल्या प्रभागात दर तीन महिन्यांनी शाळेच्या पटांगणात बैठक घ्यावी, मंजूर कामांची यादी आणि ठेकेदाराचं नाव वाचून दाखवावं, पाण्याच्या वेळा फळ्यावर लिहाव्यात आणि त्या पाळल्या गेल्या की नाही, हे टोकाच्या घरातल्या बाईला विचारावं.

व्हॉल्व्हमनबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. लहान शहरातल्या जुन्या वाहिन्यांचा नकाशा पुष्कळदा कार्यालयात नसतो, त्याच्या डोक्यात असतो. कुठला व्हॉल्व्ह कुठल्या घराच्या ओट्याखाली गाडला गेला, कुठली वाहिनी रस्ता रुंद करताना काँक्रीटखाली गेली, हे त्यालाच माहीत. तो अनेकदा ठेक्यावर असतो, त्याचा पगार रखडतो आणि एक दिवस तो निवृत्त होतो किंवा सोडून जातो. मग गळती शोधायला नवा रस्ता चार ठिकाणी फोडावा लागतो. त्याला सोबत घेऊन, त्याच्या शेजारी अभियंत्याला चालवून, प्रत्येक व्हॉल्व्हची जागा कागदावर आणणं, हे काम करायला निविदा लागत नाही, उद्घाटन होत नाही. पण पुढची वीस वर्षं त्या गावाला ते उपयोगी पडेल.

फेब्रुवारीत अंदाजपत्रकाची विशेष सभा असते. नव्या नगरसेवकांना माझी विनंती आहे की ते पुस्तक हातात आल्यावर आपल्या प्रभागातल्या नव्या कामांचं पान आधी उघडू नका. जलवाहिनी दुरुस्ती, पंप देखभाल, गटारसफाई आणि कामगारांचं वेतन ही शीर्षं काढा. गेल्या वर्षी तरतूद किती होती, खर्च किती झाला, उरलेली रक्कम कुठं वळवली, हे नगराध्यक्षांना विचारा, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा.