पाहून पसंत केलेला माल

नानांची बहुतेक नोकरी कोल्हापुरात, बँकेच्या मार्केट यार्ड शाखेत झाली. काउंटरवरून उठून दारात आलं की समोर गुळाचा सौदा दिसायचा. रव्यांच्या रांगा लागलेल्या, पुढे अडत्या, त्याच्या मागे व्यापाऱ्यांचा घोळका. टवका काढून जिभेवर ठेवल्याशिवाय आकडा उच्चारणारा व्यापारी विरळा. कुणी रंग बघायचा, कुणी बोटांत चुरून दाणा बघायचा. वरून सोन्यासारखा पिवळा दिसणारा रवा आत मऊ निघाला की दर तिथल्या तिथं खाली यायचा आणि शेतकऱ्याचा चेहराही. निवृत्त होईपर्यंत नानांनी हा खेळ रोज पाहिला होता. असा माणूस इटलीतल्या लिलावात हात पोळून घेतो, हे ऐकलं तेव्हा मला आधी ती कुणीतरी रचलेली गोष्ट वाटली.

गोष्टीच्या मुळाशी एक गाडी आहे. नानांच्या वडिलांची 1955 सालची फियाट 1100. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली ही गाडी पुढे आलेल्या नाकाडामुळे ‘डुक्कर फियाट’ म्हणूनच ओळखली गेली. हिची पुढची दारं उलटी उघडतात, बिजागऱ्या मागच्या बाजूला. गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली. 1089 सीसीचं इंजिन चालू झालं की अजूनही शिवणयंत्रासारखं सुरात चालतं. पत्रा, रंग, गाद्या हे सगळं बाबू मिस्त्रींनी हळूहळू जमवत आणलं होतं. राहिले होते दारांचे हँडल आणि धुरकट झालेले पुढचे दिवे.

“जरा दम धरा नाना,” मिस्त्री म्हणायचे. “पुण्याच्या जुन्या बाजारात नजर ठेवायला सांगितलंय. न्हाई मिळालं तर उद्यमनगरात वतून घिऊ.”

दम धरणं हे छंदिष्ट माणसाला जमत नाही. त्यातून पुतण्या इंजिनिअरिंगला. त्यानं एका रात्री मोबाइल पुढे केला. तूरिनजवळच्या कुठल्याशा लिलावगृहात जुन्या मोटारींच्या सुट्या भागांचा ऑनलाइन लिलाव होता. त्यात एक लॉट होता : फियाट 1100, चार हँडल आणि दोन हेडलाइट, ‘अस्सल, 1954’. काळ्या मखमलीवर मांडलेले, दागिन्यांच्या दुकानात असावेत तसे. एकूण चार फोटो, चारही समोरून.

नानांनी ते फोटो बोटांनी मोठे करकरून पाहिले. मोठं केलं की चकाकी मोठी होते, बाकी काही नाही. खाली इटालियन मजकूर होता, तो मोबाइलनंच भाषांतर करून दाखवला. शेवटच्या ओळीचा अर्थ असा होता, की खरेदीदारानं माल पाहून पसंत केला आहे असं धरून तो विकला जाईल. मागाहून तक्रार चालणार नाही. ही अट तिकडच्या जुन्या मालाच्या व्यवहारात नेहमीची आहे, तिच्यात लबाडी नाही. लिलावगृहानं माल पाहण्यासाठी दोन दिवस दारही उघडं ठेवलं होतं. फक्त ते दार तूरिनला होतं आणि नाना राजारामपुरीत.

बोली 120 युरोपासून होती. नानांनी कागदावर 200 हा आकडा लिहून त्याभोवती गोल केला. युरो तेव्हा नव्वद रुपयांच्या आसपास होता, म्हणजे 18 हजार. वरती एक पै नाही, असं काकूंना सांगून झालं.

लिलाव आपल्याकडच्या रात्री साडेअकराला संपणार होता. अकरा एकोणतीसला बोली 180 वर होती, नानांची. उरलेल्या मिनिटात ‘बोलीदार 7’ नावाचा कुणीतरी उगवला. 190. नानांनी 200 केले. त्यानं 210 केले. आणि घड्याळ दोन मिनिटांनी पुढे सरकलं, कारण तिथला नियम असा की शेवटच्या क्षणी बोली आली तर वेळ वाढते. हा नियम न्यायाचा आहे असं म्हणतात, आणि असेलही. पण रात्री डोळे चोळत बसलेल्या माणसाला तो दोन-दोन मिनिटांनी नवा मोह देतो. कागदावरचा गोल उशीखाली गेला. 250 झाले, 300 झाले. आता नाना हँडल विकत घेत नव्हते, सात नंबरला हरवत होते. पुतण्या शेजारी बसून “काका, सोडू नका” म्हणत होता. ही पोरं क्रिकेट बघतात तसा लिलाव बघतात. बाराला दहा कमी असताना 410 ला हातोडा पडला आणि पडद्यावर अभिनंदनाच्या रंगीत पताका उडाल्या.

दुसऱ्या दिवशी बिल आलं. 410 वर लिलावगृहाचं 25 टक्के कमिशन. खरेदीदाराकडून असं कमिशन घेण्याची रीतच आहे आणि ते अटींत छापलेलंही होतं. बांधणी आणि कुरिअरचे 130. बेरीज साडेसहाशेच्या जवळ, म्हणजे 58 हजार रुपये. काकूंनी पास बुक पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, “पाटल्या करताना सोनाराला तीनदा वजन करायला लावलं होतंत.”

खोकं मुंबईपर्यंत आठवड्यात आलं आणि तिथं थांबलं. आपल्याकडे वापरलेला जुना माल, कारखान्याची यंत्रसामग्री वगळता, परवान्याशिवाय आयात करता येत नाही. हे नियमात स्पष्ट आहे, पण बोली लावताना आयातीचं धोरण कोण वाचतो? तूरिनच्या माणसाला ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं आणि पुतण्यानं शोधलं होतं ते फक्त कुरिअर किती दिवसांत येतं एवढंच. कस्टमचं पत्र आलं. मग एजंट, मग सुनावणी, मग माल जप्त न होता दंड भरून सोडवून घेण्याची परवानगी, मग ड्युटी, मग गोदामात पडून राहिल्याचं भाडं. या सगळ्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही, ज्यांनी भोगलंय त्यांना ते पाठ आहे. खोकं घरी आलं तेव्हा खर्चानं 80 हजार ओलांडले होते.

मिस्त्री खास खोकं फोडायला आले. त्यांनी पहिला हँडल उचलला, तळहातावर एकदा झेलला आणि तोंड वाकडं केलं.

“मझाकचं हाय नाना. पितळंचा असता तर हाताला भार लागला असता.”

मझाक म्हणजे जस्ताचा ओतीव मिश्रधातू. त्या काळच्या मोटारींत हँडल, बिल्ले, जाळीच्या कडा यांत तो सर्रास वापरला जायचा, त्यामुळे हँडल खोटा होता असं नाही. अडचण पुढची होती. क्रोमला बारीक चीर गेली की खालच्या जस्ताला पाणी लागतं आणि आतून फोड येतात. मिस्त्रींनी हँडल उलटा केला. मागच्या अंगाला, दाराच्या पत्र्याला टेकते त्या बाजूला, देवी आलेल्या चेहऱ्यासारखे खड्डे होते. त्यांनी समोरच्या गुळगुळीत भागावर नखानं टिचकी मारत मारत कान लावला. एका ठिकाणी आवाज बसका आला. तिथं खड्डे पुटीनं भरून वर चमक चढवली होती. मग त्यांनी चौकोनी दांडी पकडून दारावर द्यावा तेवढाच जोर दिला. कट्. दांडी हातात आणि मूठ नानांच्या मांडीवर.

“अहो मिस्त्री, जरा सांभाळून!”

“दारावर बशिवल्यावर तुटला असता, तवा मला बोलला असता. हितंच तुटला ते बरं झालं.”

चारपैकी दोन असे निघाले. उरलेले दोन बरे होते, म्हणजे बसवले तर चालतील इतपत.

दिवे मात्र देखणे होते. काच निर्मळ, आतला आरसा लख्ख. नानांच्या जिवात जीव आला. मिस्त्रींनी संध्याकाळपर्यंत थांबायला सांगितलं. अंधार पडल्यावर बॅटरी जोडली, दिवा स्टुलावर ठेवला आणि गॅरेजच्या भिंतीवर झोत टाकून तो खाली घेतला. भिंतीवर उजेडाची सरळ रेघ उमटली आणि उजव्या हाताला ती रेघ चढत वर गेली.

मिस्त्री बराच वेळ त्या चढाकडे पाहत होते. “इटलीत गाड्या कुठल्या अंगानं चालत्यात?”

“उजव्या,” पुतण्या म्हणाला.

“मग बरोबर हाय. त्यांच्याकडं ह्यो उजेड फुटपाथवर पडतोय. आपल्याकडं समोरच्या गाडीवाल्याच्या डोळ्यात.”

पुतण्यानं मोबाइलवर शोधलं तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. एका बाजूला चढणारा असा झोत युरोपात 1957 च्या सुमारास आला. त्याआधी दोन्ही बाजू सारख्या असायच्या. म्हणजे हे दिवे फियाटचे असतील, जुनेही असतील, पण 1954 चे नव्हते. कुणीतरी पुढे कधीतरी बदललेले. विकणाऱ्याला हे ठाऊक होतं का? मला विचाराल तर बहुधा नसावं. मखमलीवर मांडणारा आणि फोटो काढणारा माणूस काही मोटार मेकॅनिक नसतो. फसवणारा कुणी नसतानाही माणूस फसू शकतो, त्याला दोघांचं अज्ञान पुरतं.

पुतण्याला मात्र कुणीतरी चोर हवा होता. “तो सात नंबर त्यांचाच माणूस असणार, किंमत वाढवायला बसवलेला.”

“कोण हुता त्यो?” मिस्त्रींनी विचारलं.

“कसं कळणार? नुसता नंबर दिसतो.”

“मंग कशाला कुणाचं नाव घ्यायचं? खरा गिऱ्हाईक असंल बिचारा, त्योबी हळहळत असंल.” मग नानांकडे वळून ते म्हणाले, “पर यार्डात तुमाला दिसतोय न्हवं समोर कोण हाय त्यो. निप्पाणीवाला वाढवायला लागला तर त्येला माल हवाय म्हणून वाढवतोय, का दुसऱ्याची जिरवायला, हे त्येच्या तोंडावरनं कळतंय. हितं काय कळणार?”

नाना काही बोलले नाहीत. त्यांनी दुसऱ्या दिवशी उशीखालचा कागद शोधला; तो काकूंनी दूधवाल्याचा हिशोब लिहायला वापरला होता.

हँडलचं काम शेवटी मिस्त्री म्हणत होते तसंच झालं. तुटलेला हँडल डिंक लावून जोडला, खड्डे मेणानं भरून घासले आणि तोच नमुना म्हणून उद्यमनगरातल्या ओतकामवाल्याकडे गेला. त्यानं वाळूच्या साच्यात पितळेचे दोन ओतून दिले. शेजारच्या लेथवर दांडी चौकोनी करून झाली, आणखी एका गल्लीत क्रोम चढलं. सगळं मिळून तूरिनच्या कुरिअरपेक्षा स्वस्त पडलं. दिव्यांसाठी मिस्त्रींना पुण्याहून फोन आला, तिथं एका पद्मिनीवाल्याकडे पडलेल्या जुन्या काचा होत्या. मिस्त्री स्वतः एसटीनं गेले, भिंतीवर उजेड पाडून बघितला आणि घेऊन आले.

मग राहिले ते इटलीचे दिवे. घरात ठेवून उपयोग नाही, फेकवतही नाहीत. पुतण्या म्हणाला, आपणच लिलावात टाकू. त्याला आता सगळं कळत होतं. त्यानं काळी शाल आणली, खिडकीतला उजेड बाजूनं घेतला आणि मूळ मजकूरच पुन्हा टाकायला घेतला : अस्सल, 1954.

“1954 खोड,” नाना म्हणाले.

“काका, त्यांनीच तसं लिहिलं होतं. आपण आपल्या मनाचं काही लिहीत नाही.”

“तेव्हा मला ठाऊक नव्हतं, आता आहे. खोड.”

नानांनी वहीत मजकूर लिहून दिला, बँकेत बोजाची नोंद लिहावी तशा अक्षरात. काच 1957 नंतरच्या पद्धतीची. उजव्या बाजूनं वाहतूक असलेल्या देशातच उपयोगी. डाव्या दिव्याच्या मागच्या कडेला गंज, साधारण नखाएवढा. शालीवरचा फोटो एकच. बाकीचे मागून, बाजूनं, गंजावर पट्टी ठेवून, आणि एक रात्री भिंतीवर पडलेल्या उजेडाचा. पुतण्यानं तोंड वेंगाडलं, पण फोटो काढले.

पहिले चार दिवस एकही बोली आली नाही. पाचव्या दिवशी पोर्तुगालहून एकाचा प्रश्न आला : आरसा मागून सुटलेला आहे का, आणि रिंगचा व्यास किती? नानांनी व्हर्निअर लावून माप पाठवलं. संध्याकाळी दुसरा प्रश्न : गंज आरपार गेलाय का? नानांनी दाभणानं टोचून बघितलं, गेला नव्हता, तोही फोटो गेला.

“हा नुसता चौकशा करतोय,” पुतण्या म्हणाला. “असले घेत नसतात.”

“आसलंच घेत्यात,” मिस्त्री म्हणाले.

त्याचीच एकट्याची बोली आली, 95 युरो, आणि त्यावर कुणी वाढवलं नाही. साइटचं कमिशन जाऊन जे उरलं त्यात नानांच्या खर्चाचा दहावा भागही भरून निघाला नाही.

“मागची बाजू दाखवली नसती तर दोनशे सहज आले असते,” पुतण्यानं हिशोब मांडला.

नाना पुठ्ठ्याचं खोकं मापून कापत होते. काचेला चारही बाजूंनी चार बोटं जागा हवी, म्हणजे वाटेत आदळलं तरी तडकत नाही. “त्या काकूंच्या जुन्या गोधडीतला कापूस आण,” ते म्हणाले, “आणि कुरिअरवाल्याला आधी विचारून घे, पोर्तुगालच्या कस्टमला कुठले कागद लागतात ते. त्या माणसाला तिकडं अडकवून ठेवायचं नाही.”