थबकणारा हात

वडपे येथे महामार्गालगतच्या गोदामांपुढे कंटेनरांच्या रांगा लागतात. माल उतरेपर्यंत तरुण पोरे मोबाईलवर डोळे खिळवून बसतात आणि मध्येच कोणी ओरडतो, "मार, मार त्याला!" एकदा आम्ही त्यांतल्या एकाला हटकले. तो हसून म्हणाला, "फादर, खरी माणसं थोडीच आहेत ती!" उपदेश करावयास गेलेले आम्ही निरुत्तर झालो.

त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हे. अशा खेळांनी मुले खुनी होतात, हे सिद्ध झालेले नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० साली हेच बजावले. आरडाओरड, ढकलाढकली यांच्याशी मात्र अल्पसा संबंध आढळतो, असेही सांगितले. त्याच वर्षी २ सप्टेंबरला आपल्या सरकारने पबजीवर बंदी घातली, तीही देशाच्या सुरक्षिततेचे कारण देऊन, हिंसेचे नव्हे.

मग सैन्याला हे खेळ का हवेसे वाटले? १९९० च्या दशकात अमेरिकेच्या मरीन दलाने 'डूम' हा खेळ सरावासाठी बेतून घेतला, तेव्हा त्यातले राक्षस काढून तेथे शत्रूचे सैनिक घातले. चौघांनी मिळून झटपट निर्णय घ्यावा, हा हेतू होता. खोट्या माणसांवरचा तो सराव खऱ्या रणांगणासाठीच होता. २००२ साली तेथील लष्कराने भरतीसाठी स्वतःचा खेळ काढला. तरुणांना ओढून घेण्यासाठी आपल्या वायुदलानेही २०१९ साली एक काढला. पण सैनिकावर हुकमाचा आणि कायद्याचा अंकुश असतो. गोदामापुढच्या पोरावर कोणाचा?

संत ऑगस्टीनने आपल्या आत्मकथनात मित्र अलिपियसची हकीकत सांगितली आहे. रोममध्ये सोबत्यांनी त्याला ग्लॅडिएटरांच्या झुंजी पाहावयास ओढून नेले. तो डोळे मिटून बसला. पण गर्दीच्या आरोळीने डोळे उघडले आणि त्याला रक्ताची चटक लागली. तो खुनी झाला नाही; पुढे बिशप झाला. तरीही ऑगस्टीनच्या लेखी, पडलेल्या ग्लॅडिएटरपेक्षा खोल जखम अलिपियसच्या आत्म्याला झाली होती.

म्हणून 'मूल खुनी होईल का?' हा प्रश्न आम्हांला अपुरा वाटतो. दुसऱ्याच्या वेदनेपुढे हात क्षणभर थबकतो, त्या थबकण्यातच सदसद्विवेकबुद्धी वसते. ती बंदीने जागी राहत नाही. त्या पोराच्या शेजारी बसून आम्ही विचारावयास हवे होते, "तो पडला तेव्हा तुला काय वाटलं?" आणि उत्तर ऐकेपर्यंत गप्प राहावयास हवे होते.